बैलघोडा हॉस्पिटल आणि पिल्लाची खरी किंमत

परळला टॅक्सीवाल्याला ‘बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल फॉर अ‍ॅनिमल्स’ असं पूर्ण नाव सांगून फारसा उपयोग होत नाही. ‘बैलघोडा’ म्हटलं, की तो थेट डॉ. एस. एस. राव रस्त्यावर आणून सोडतो. लालबाग-परळच्या तोंडात हेच नाव बसलं आहे, आणि त्याला कारण आहे. या हॉस्पिटलची पालक संस्था, बॉम्बे एसपीसीए, १८७४ साली स्थापन झाली. त्याच वर्षी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. शहराचा सगळा भार तेव्हा जनावरांच्या पाठीवर होता, आणि मोडलेले खूर, सोललेले खांदे घेऊन ती जनावरं इथे यायची. आता दारात उभ्या असतात त्या रिक्षा-टॅक्सीतून उतरणाऱ्या बास्केट. त्यात मांजर असतं, नाहीतर टॉवेलात गुंडाळलेलं कुत्र्याचं पिल्लू.

जागा आणि देणगी गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांची. साकरबाई या त्यांच्या पत्नी. पारशी माणसाचं कुत्र्याशी असलेलं नातं धर्मातूनच येतं; अंत्यविधीत मृतदेहाला कुत्र्याचं दर्शन घडवण्याची ‘सगदीद’ ही रीत जुनी आहे. कंपनी सरकारने भटक्या कुत्र्यांमागे आठ आणे बक्षीस लावून ती मारायला सुरुवात केली, तेव्हा ६ जून १८३२ रोजी कोटातले पारशी रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, दंगल पेटली. दिनशांना त्या वेळी नऊ वर्षंही पुरी झाली नव्हती. पुढे १८८६ मध्ये हॉस्पिटलच्या सोबतीला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आलं आणि परळ हे जनावरांच्या वैद्यकाचं माहेरघर झालं.

भटक्या कुत्र्यांवरून मुंबईत अजूनही भांडणं होतात. पण पैसे मोजून आणलेल्या जातिवंत कुत्र्यांचं दुखणं वेगळं आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

पार्वोचंच घ्या. हा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणून रविवारी घरभर उड्या मारणारं पिल्लू शुक्रवारी ओकत, रक्ताचे जुलाब करत टेबलावर येतं. पुढच्या पायावरचे केस काढून, बोटभर जाडीच्या त्या पायात शीर शोधून सलाइन लावलं जातं. विकणारा म्हणतो, ‘दिलं तेव्हा ठणठणीत होतं.’ दिसायला होतंच. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागली आहे आणि लशीची अजून तयार झालेली नाही, नेमक्या त्याच आठवड्यांत पिल्लाला आईपासून तोडून, पिंजऱ्यात दहा ठिकाणच्या पिल्लांत मिसळून प्रवास घडवलेला असतो. चार-पाच आठवड्यांचं पिल्लू गोंडस दिसतं, पटकन खपतं. आठ आठवडे सांभाळायचं तर खाणं, जंतांचं औषध, पहिली लस हा सगळा खर्च विकणाऱ्याच्या अंगावर पडतो. वाचवलेले ते तीन-चार आठवडे हाच त्याचा नफा.

पगची गोष्ट याहून खोल आहे. २००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागेमागे फिरणारा पग आला आणि घराघरात तोच हवासा झाला. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतही मावणारा, भुंकणं कमी, पोरांशी प्रेमळ. पण त्याचा चेहरा माणसाने पिढ्यान्‌पिढ्या चपटा करत आणला आहे. कवटी आखूड झाली, आतलं टाळू तेवढंच लांब राहिलं. नाकपुड्यांच्या जागी चिरा उरल्या. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. ज्याला श्वासच पुरत नाही त्याने मुंबईच्या मे महिन्यात काय करावं? त्याच्या घोरण्याचं आपण कौतुक करतो, ते घोरणं म्हणजे अडलेला श्वास आहे. बुलडॉगची कुत्री तर धड विऊही शकत नाही: पिल्लांची डोकी मोठी, तिची कंबर अरुंद. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉगची ८० टक्क्यांहून अधिक वेतं सिझेरियननेच झाल्याचं आढळलं.

मग जबाबदार ब्रीडिंग म्हणजे काय? लॅब्रेडोर किंवा जर्मन शेफर्ड असेल, तर आधी नर-मादी दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत नीट बसतो का ते बघायचं. बसत नसेल तर तो कुत्रा कितीही देखणा असो, त्याची वीण तिथेच थांबवायची. वाढवलेल्या, स्पर्धेत मिरवलेल्या कुत्र्याबाबत हा निर्णय घ्यायला छाती लागते. मग योग्य दिवस कळण्यासाठी प्रोजेस्टेरॉनच्या तपासण्या, साधारण ६३ दिवसांची गर्भावस्था, सोनोग्राफी, रात्रीबेरात्रीचं बाळंतपण, आणि आईला दूध कमी पडलं तर दर दोन-तीन तासांनी बाटली. एखाद्या वेताला एकच पिल्लू होतं आणि सगळा हिशेब तोट्यात जातो. लोक केसीआयचे, म्हणजे १८९६ पासून चालत आलेल्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे, ‘पेपर्स’ मागतात. तो कागद पिल्लाचे आईबाप कोण ते सांगतो. त्यांचे खुबे आणि हृदय निरोगी आहेत याची हमी तो देत नाही.

केंद्र सरकारचे २०१७ चे श्वान प्रजनन व विक्री नियम या बाबतीत बरेच स्पष्ट आहेत. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय आणि आठ वर्षांनंतर तिला गाभण राहू द्यायचं नाही. वर्षाला एकच वेत, आयुष्यात जास्तीत जास्त पाच. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही, विकण्याआधी मायक्रोचिप बसवायची. रस्त्यात, बाजारात पिल्लं मांडून जागच्या जागी विकायलाही बंदी आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या पाळीव प्राण्यांच्या गाळ्यांसमोर आठवड्याची खरेदी करता करता जिचं मन पिंजऱ्यातल्या पिल्लाकडे ओढलं गेलं नाही अशी मुंबईकरांची पिढी सापडणार नाही. हा नियम नेमका त्या ओढीसाठी आहे.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते. पहिल्या माजापासून आठव्या वर्षापर्यंत एकही माज ‘वाया’ जाऊ दिला नाही, तर पाचाच्या जागी चौदाच्या आसपास वेतं निघतात. एक्स-रे नाहीत, विश्रांती नाही, भाड्याची एक बंद खोली पुरते. आणि पकडलं गेलं तर? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे किमान दहा रुपये, कमाल पन्नास. एका पिल्लाच्या किमतीपुढे हा दंड म्हणजे काहीच नाही. हे चित्र संतापजनक आहे. चांगला ब्रीडर वाईटाशी किमतीत कधीच टिकू शकत नाही, कारण त्याने केलेला खर्च पिल्लाकडे बघून दिसत नाही.

तो वाचवलेला खर्च नाहीसा मात्र होत नाही, पुढे सरकतो. पार्वोच्या सलाइनमध्ये, नाकपुड्या रुंद करण्याच्या शस्त्रक्रियेत, पाचव्या वर्षी जिना न चढणाऱ्या लॅब्रेडोरच्या गोळ्यांत तो मालकाच्या खिशातून जातो. मालकाने हात वर केले, तर देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांवर येतो. आणि सगळ्यात जास्त किंमत मोजते ती विक्रीच्या फोटोत कधीच न दिसणारी आई. वय झालेल्या, नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होऊ शकतो. वेळेत गर्भाशय काढलं नाही तर ती दगावते. पिल्लं देणं थांबलेल्या कुत्रीवर हा खर्च तो ब्रीडर का करेल?

गिरणगावात जिथे भोंगे वाजायचे तिथे आता टॉवर उभे आहेत, आणि दाट दुहेरी केसांचा सायबेरियन हस्की एसीत ठेवणारी घरंही आहेत. ऐपत आहे, प्रेमही आहे; प्रश्न विचारायची सवय नाही. पिल्लू बुक करण्याआधी निदान एवढं करावं: ब्रीडरच्या घरी जाऊन आई बघावी, तिचं हे कितवं वेत ते विचारावं, नोंदणी क्रमांक आणि आईबापांचे तपासणी अहवाल मागावेत. ‘आईला भेटता येणार नाही, पिल्लू दादर स्टेशनबाहेर आणून देतो,’ असं उत्तर आलं की फोन ठेवावा. चांगले ब्रीडर उलट आपल्यालाच प्रश्न विचारतात: घरी दिवसभर कोण असतं, गावी गेलात तर कुत्र्याचं काय? ते सहा-सहा महिने थांबायला लावतात, आणि सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा कुठल्याही वयात परत घेऊ, असं लिहून देतात.