दाखला काढण्याआधी

सकाळी सव्वासात. मारुतीच्या देवळापाशी पिवळी व्हॅन येते. मी गावच्या शाळेत शिकवते आणि गावातच राहते, त्यामुळे हे रोज डोळ्यांदेखत घडतं. पहिली-दुसरीतली पोरं टाय लावून, पेंगत चढतात. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका, असं शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं, ते मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. पण ही व्हॅन वाड्यावस्त्या करत सासवडच्या इंग्रजी शाळेत पोचते. आमच्या गावची मुलं सगळ्यांत आधी चढतात आणि सगळ्यांत शेवटी उतरतात. शाळा नऊची झाली, तरी त्यांना उठावं लागतं सहालाच.

पावणेदहा. आमची जिल्हा परिषदेची शाळा उघडते. शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हे शिक्षणहक्क कायद्याचंच प्रमाण आहे. पण पट कितीही लहान असला, तरी इयत्ता चारच राहतात, हे त्या प्रमाणात कुठे धरलेलं नाही.

अकरा. दुसरीची मुलं काड्यांचे दशक बांधत बसली आहेत आणि मी पहिलीला वाचन घेते. फळ्यावर ‘बाभळ’ लिहिलं. वस्तीवरची एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, आमच्या बांधाला हाय. तिचा डिंक निघतो.” डिंक कसा काढायचा, काटा कुठे टोचतो, हे तिने सगळ्या वर्गाला सांगितलं. नंतर ‘ब’ आणि ‘भ’ वेगळे ओळखायला कुणाला अडलं नाही. पहिलीच्या मुलाला घरची भाषा वर्गात भेटली की ते बोलायला लागतं, आणि बोलणारं मूल लवकर वाचतं.

साडेअकरा. केंद्रशाळेतून फोन येतो. यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची, माहिती तातडीने हवी, काही मुलांचं आधार जुळत नाही. गुरुजी चारही वर्ग सांभाळतात, मी मोबाइल घेऊन बसते. आमची शाळा हरते ती इथे. इमारत जुनी असली तरी चालतं, पण शिकवायच्या वेळेत शिक्षक दुसऱ्याच कामाला लागला, तर पालकांनी विश्वास तरी कशाच्या जोरावर ठेवावा?

साडेबारा. खिचडी. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ. आधी आम्ही चव घेतो, वहीत नोंद करतो, मग पंगत बसते.

दीड. एक पालक दारात.

“बाई, दाखला पायजे. धाकटीचा.”

“का हो?”

“थोरला तिकडं जातो. तिला का मागं ठेवायची?”

मला खरंच बरं वाटलं. मुलगा व्हॅनने इंग्रजी शाळेत आणि मुलगी गावच्या शाळेत, अशी वाटणी मी घरोघरी पाहिली आहे. हा बाप तसा नव्हता. मी त्यांना मागच्या बाकावर बसवलं. मुलीने धडा वाचला, गोष्ट आपल्या शब्दांत सांगितली.

“इंग्रजीचं काय?”

“महाराष्ट्रात मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे. आज थोरल्याला त्याचं पुस्तक वाचायला लावा आणि अर्थ विचारा.”

ते गप्प झाले. मग म्हणाले, “तुमची बदली झाली तर?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. एका चांगल्या शिक्षकावर उभी असलेली शाळा त्याच्या बदलीबरोबर खाली येते, हे मी पाहिलं आहे. पण शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीची शाळा झेडपीचीच, आणि तिथे प्रवेशासाठी लांबून पालक आले. ते घडलं, कारण गाव शाळेच्या मागे उभं राहिलं.

पाच. शाळा सुटते. ज्यांची घरं जवळ, ती मुलं दहा मिनिटांत दप्तर टाकून खेळायला.

गावातल्या प्रत्येक आईबापाला माझं सांगणं आहे. दाखला काढण्याआधी एक तास वर्गात येऊन बसा. शिक्षक हजर असतील, शिकवत असतील, तर चौथीपर्यंत पोर गावातच ठेवा. नसतील, तर शाळा व्यवस्थापन समितीची सभा मागा, पंचायत समितीत जाऊन शिक्षक मागा. त्यानेही काही झालं नाही, तर खुशाल लांबची शाळा धरा, दाखला मी त्याच दिवशी देईन. पण आधी सभेला या. त्या समितीत कायद्याने किमान ७५ टक्के सदस्य पालकच असतात.