रंगाखालची गाडी

पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यातच दाराखालचा रंग फुगला. बोटाने दाबले तर पुट्टीची खपली निघाली आणि आत गंजलेला पत्रा दिसला. काही वर्षांपूर्वी आम्ही घरासाठी घेतलेल्या जुन्या गाडीची ही गोष्ट. विकणारा ओळखीचा होता, म्हणून पैशापेक्षा तेच मनाला जास्त लागले.

परवा इंग्लंडमधल्या जुन्या मॉरिस मायनरविषयी वाचताना हे पुन्हा आठवले. ही गाडी आपल्याला अगदीच परकी नाही. आपली ॲम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून बनली. मायनर ही ऑक्सफर्डची धाकटी बहीण. १९५० च्या दशकात ती आपल्याकडे 'बेबी हिंदुस्थान' या नावाने विकली गेली.

मायनर १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात आली. तिचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांचा जन्म १९०६ चा, आज तुर्कस्तानात असलेल्या इझमीर शहरातला. गाडी जवळजवळ तयार झाल्यावर ती त्यांना अरुंद वाटली. त्यांनी नमुन्याची गाडी मधोमध उभी कापली, दोन भाग चार इंच दूर ठेवून पाहिले आणि तेच माप पक्के केले. म्हणून बॉनेटच्या मध्यावर एक सपाट पट्टी आली. आधीच बनलेले बंपरही कापून, मध्ये तुकडा जोडून वापरले. हा जोड कुणी लपवला नाही. एकूण सोळा लाखांहून अधिक मायनर बनल्या. दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी.

कापडी छपराची उघडी मायनर कारखान्यात १९६९ पर्यंत बनत होती. आज हौशी संग्राहक तिला बंद गाडीपेक्षा जास्त भाव देतात. त्यामुळे बंद गाडीचे छप्पर कापून तिची उघडी गाडी करण्याचा उद्योगही चालतो. हे काम मुळात वाईट नाही. नीट केले आणि घेणाऱ्याला सांगितले, तर सौदा साफ आहे. पण मायनरला वेगळा सांगाडा नाही. पत्र्याचे शरीरच सगळा भार उचलते आणि त्यात छपराचाही वाटा असतो. कारखान्यातल्या उघड्या गाडीला म्हणूनच खालून व दारांजवळ जादा मजबुती दिलेली असे. ती न देता छप्पर कापले तर गाडी मधून लवते, दारे नीट बसत नाहीत, आणि अपघातात जीवावर बेतते.

जाणकार घेणारा आधी रंग पाहत नाही. तो दाराखालचा पत्रा खालून तपासतो. लोहचुंबक फिरवतो, जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी असते. गाडी जॅकवर उचलून दार उघडते-मिटते का, हे बघतो. मग क्रमांकाची पाटी वाचतो. १९६० च्या दशकातल्या मायनरच्या क्रमांकात 'एमए' या अक्षरांनंतर 'टी' असेल, तर गाडी कारखान्यातूनच उघडी निघालेली. पाटी बदलता येते, म्हणून तो क्रमांक कागदपत्रांशीही ताडून बघतो.

चांगला विक्रेता मात्र एवढे करायची वेळच आणत नाही. दुरुस्तीआधीचे फोटो, बदललेल्या पत्र्यांची यादी, कामाची बिले तो स्वतःहून समोर ठेवतो. छप्पर नंतर कापलेले असेल तर तसे सांगतो. त्याला भाव थोडा कमी मिळेल, पण घेणारा आपल्या मुलाबाळांना निर्धास्तपणे त्या गाडीत बसवेल.

आपल्यापैकी कुणी बहुधा मायनर घेणार नाही. पण जुनी स्कूटर, शिलाई मशीन, फ्रीज आपण सगळेच कधी ना कधी विकतो. मालातला ऐब विकणाऱ्याने आधी सांगावा, हे आपण घरातच शिकलेलो असतो. आमची ती गाडी पुढे आम्हीही विकली. घेणाऱ्याला सर्वांत आधी दाराखालचा पत्रा दाखवला. त्याने पाच हजार कमी दिले. आजही वाटेत भेटला की तो थांबून सलाम करतो.