बिनतारी राउटरची निवड : कुंभकोणमच्या एका घराच्या निमित्ताने

तमिळनाडूत कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या दरम्यान वसलेले कुंभकोणम हे मंदिरांचे, पितळी भांड्यांचे आणि कॉफीचे गाव म्हणून सर्वपरिचित आहे. मराठी वाचकांना त्याची आणखी एक ओळख असावयास हवी. तंजावरचे मराठी राज्य १८५५ साली लयास गेले, तरी त्या राज्याच्या आश्रयाने दक्षिणेत आलेली अनेक मराठी कुटुंबे याच परिसरात स्थिरावली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथे अशाच एका मराठी घराण्यात झाला. आजही येथील काही कुटुंबांत बाजारात तमिळ आणि माजघरात मराठी बोलली जाते.

अशाच एका परिचित कुटुंबाकडे काही दिवस राहण्याचा योग आला. घर जुने, मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. घरातील आजोबा निवृत्त शिक्षक असून निवृत्तिवेतनाचे खाते मोबाईलवरच पाहतात. त्यांची तक्रार अशी की, ओट्यावर बसले की इंटरनेट उत्तम चालते; पण मागच्या खोलीत, जेथे त्यांचा बहुतेक वेळ जातो, तेथे ते अजिबात मिळत नाही. पुण्यातील मुलीशी दृश्य संभाषण करावयाचे तर मागून पुढे यावे लागे. नातवाचे म्हणणे, आठ अँटेनांचा सर्वांत महागडा राउटर आणावा. आजोबांचे म्हणणे, आहे तोच बरा. या वादाच्या निमित्ताने जी चर्चा झाली, ती आपल्या ग्राहकांना व सेवकवर्गालाही उपयुक्त वाटेल म्हणून येथे मांडीत आहे.

प्रथम घर पाहावे

राउटर हे इंटरनेटची तार आणि घरातील मोबाईल, संगणक, दूरचित्रवाणी संच यांच्यामधील देवाणघेवाण सांभाळणारे यंत्र. तारेतून आलेली माहिती तो रेडिओलहरींच्या रूपाने घरभर पसरवितो. या लहरींना दारे-खिडक्या कळत नाहीत, पण भिंती मात्र कळतात. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घराचा आराखडा कागदावर काढणे ही निवडीची पहिली पायरी होय.

कुंभकोणमची जुनी घरे अरुंद आणि लांबलचक. श्रेष्ठ गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरील घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. ते पाहिले की ही रचना ध्यानात येते. पुढे ओटा, त्यामागे रस्त्याकडे खिडकी असलेली लहानशी खोली, मग बैठकीची जागा, स्वयंपाकघर आणि अखेरीस विहीर असलेले परसू. ओट्याला तमिळमध्ये तिण्णै म्हणतात, मधल्या दालनाला कूडम, तर मोठ्या घरांत मध्यभागी असणाऱ्या उघड्या चौकाला मुट्रम. आपल्याकडील वाड्याशी या रचनेचे नाते सहज जाणवते. दोन्हीकडील अडचणही एकच : जाड विटांच्या भिंती एकामागून एक ओळीने उभ्या, आणि इंटरनेटची तार मात्र रस्त्याच्या बाजूने, अगदी पहिल्या खोलीत आलेली.

लहरींचा स्वभाव

घरगुती राउटर प्रामुख्याने दोन पट्ट्यांत काम करतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे सहा सेंटिमीटर. पहिली लहर भिंतीतून तुलनेने सुखरूप पार पडते, परंतु तिचा वेग मर्यादित असतो. शिवाय शेजाऱ्यांचे राउटर, मायक्रोवेव्ह भट्टी आणि ब्लूटूथची उपकरणे याच पट्ट्यात गर्दी करतात. दुसरी लहर वेगवान, परंतु एक-दोन जाड भिंतींतच थकणारी. मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झाले की लहरीची शक्ती चौथाईवर येते. भिंतींची वजावट त्यापुढची.

धातू आणि पाणी हे या लहरींचे आणखी दोन अडथळे. पोलादी कपाट, शीतकपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी किंवा पितळी भांड्यांनी भरलेली मांडणी यांच्या आड राउटर ठेवल्यास तो कितीही महाग असला तरी व्यर्थ. आमच्या यजमानांकडे तो नेमका पुढच्या खोलीतील पोलादी कपाटाच्या वर, भिंतीला चिकटून विसावला होता! तो तेथून काढून कूडमच्या दारापाशी, माणसाच्या उंचीवर ठेवताच स्वयंपाकघरापर्यंत जोडणी मिळू लागली. या सुधारणेस एक रुपयाही खर्च आला नाही. मधला उघडा चौक अशा वेळी मोठा साहाय्यक ठरतो, कारण त्या मोकळ्या जागेतून लहरी विनासायास पलीकडे जातात. मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तेथे ईशान्य मोसमी पाऊस पडतो. तेव्हा यंत्र चौकाच्या कडेला, पण पागोळ्यांपासून दूर असावे.

खोक्यावरील आकड्यांचा अर्थ

राउटरच्या खोक्यावर ‘एसी १२००’ किंवा ‘एएक्स ३०००’ असे ठळक आकडे छापलेले असतात. त्यांवरून आपल्या मोबाईलला तेवढा वेग मिळेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः ही दोन्ही पट्ट्यांच्या कमाल वेगांची बेरीज असते. १२०० म्हणजे ३०० अधिक ८६७ मेगाबिट प्रतिसेकंद, म्हणजे ११६७. पुढे तो आकडा वर ओढून पूर्ण केलेला. ३००० म्हणजे ५७४ अधिक २४०२. मोबाईल सामान्यतः एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो आणि प्रयोगशाळेतील कमाल वेग जुन्या घरात कधीच भेटत नाही. अँटेनांच्या संख्येचेही तेच. आठ अँटेना दिसतात भारदस्त, पण तीन जाड भिंतींपलीकडे बसलेल्या मोबाईलचे उत्तर राउटरपर्यंत पोहोचण्यास मोबाईलची स्वतःची शक्तीही लागते. संभाषण दुतर्फा असते. एकानेच मोठ्याने ओरडून भागत नाही.

यापेक्षा महत्त्वाची खूण पिढीची आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरील ५४ मेगाबिट वेगाची पद्धती २००३ साली आली. आज ‘वाय-फाय ४’ म्हणून ओळखली जाणारी पिढी २००९ ची, ‘वाय-फाय ५’ २०१३ ची आणि ‘वाय-फाय ६’ चे मानक २०२१ चे. ‘वाय-फाय ७’ ची अधिकृत प्रमाणपत्रे २०२४ पासून दिली जाऊ लागली. सर्वसाधारण कुटुंबासाठी दोन्ही पट्ट्यांवर चालणारा ‘वाय-फाय ६’ चा राउटर पुरेसा आहे. घरातील मोबाईल जुन्या पिढीचे असतील तर सातव्या पिढीसाठी मोजलेली जादा रक्कम तूर्त वापराविना पडून राहील.

आणखी एक बाब बहुधा नजरेतून सुटते. स्वस्त राउटरच्या पाठीमागील तारेची खोबण पुष्कळदा १०० मेगाबिटपुरतीच असते. आपण २०० मेगाबिटची सेवा घेतली असेल, तर निम्मा वेग दारातच अडेल. म्हणून खोबणी ‘गिगाबिट’ क्षमतेच्या आहेत ना, हे विचारून घ्यावे. उलट ५० मेगाबिटची सेवा असणाऱ्याने केवळ राउटर बदलून वेग वाढण्याची अपेक्षा ठेवू नये.

लांब घरात एका टोकाचा राउटर दुसऱ्या टोकास पुरत नसेल, तर अधिक शक्तिमान यंत्रापेक्षा दोन साधी यंत्रे बरी. त्यांपैकी दुसरे मागच्या भागात ठेवून पहिल्याशी तारेने जोडावे. या तारेस मानकानुसार १०० मीटरपर्यंतचे अंतर चालते; कोणत्याही घरास ते पुरून उरावे. तार नेणे अशक्य असेल तरच एकमेकांशी बिनतारी बोलणाऱ्या यंत्रांची जोडी, म्हणजे ‘मेश’ पद्धत स्वीकारावी. तिच्यात वेगाचा काही भाग यंत्रांच्या आपसांतील बोलण्यातच खर्च होतो.

कुलूप कोणते?

आतापर्यंतचा विचार सोयीचा झाला. ग्राहकाच्या दृष्टीने खरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. त्या ओट्यावर, रस्त्यावर आणि शेजारच्या घरातही जातात. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद येथील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल गेला. त्याचा माग काढता पोलीस नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरी पोहोचले. त्या घरातील संरक्षण नसलेली बिनतारी जोडणी परक्यांनी वापरल्याचे पुढे आले. उघड्या राउटरची किंमत केवळ चोरीला गेलेल्या वेगाएवढीच नसते, हे या घटनेने देशाला दाखवून दिले.

कुलपांच्याही पिढ्या आहेत. ‘डब्ल्यूईपी’ या पहिल्या पद्धतीतील दोष २००१ मध्येच उघड झाले. ती असलेले यंत्र आज घरात ठेवू नये. २००४ ची ‘डब्ल्यूपीए २’ आजही चालण्याजोगी, तर २०१८ ची ‘डब्ल्यूपीए ३’ अधिक भक्कम. नवा राउटर घेताना तिसरी पिढी आहे याची खात्री करावी. बटण दाबून किंवा आठ अंकी क्रमांकाने जोडणी देणारी ‘डब्ल्यूपीएस’ ही सोय मात्र बंद ठेवावी. तो क्रमांक दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा अंक आधीच्या अंकांवरूनच ठरतो. त्यामुळे दहा कोटी शक्यतांऐवजी अधिकाधिक अकरा हजार प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ साली सिद्ध झाले.

याहून दुर्लक्षित असे दुसरे कुलूप असते. वाय-फायचा परवलीचा शब्द वेगळा आणि राउटरच्या अंतर्गत मांडणीत शिरण्याचा शब्द वेगळा. हा दुसरा शब्द पुष्कळ घरांत कारखान्यातून आला तसाच राहतो. २०११ च्या सुमारास ब्राझीलमध्ये सुमारे ४५ लाख मोडेमांच्या मांडणीत चोरांनी दूरवरून फेरफार केले. त्यामुळे ग्राहकाने आपल्या बँकेचा पत्ता अचूक टाइप केला तरी त्याच्यासमोर बनावट पान उघडे. तेथे मोडेमांच्या आज्ञावलीतच दोष होता. म्हणून ज्या उत्पादकाकडून सुधारित आज्ञावली नियमितपणे मिळते, त्याचाच राउटर घ्यावा आणि ती आपोआप बसण्याची सोय चालू ठेवावी. बँकेच्या संकेतस्थळाविषयी ब्राउझरने प्रमाणपत्राचा इशारा दिल्यास तो डावलून पुढे जाऊ नये. तो इशारा म्हणजे दारावरच्या रखवालदाराने दिलेली हाकच होय.

ओटा पाहुण्यांचा, माजघर आपले

परवलीचा शब्द बदला, असे सुचविताच आजोबा अस्वस्थ झाले. शेजारची मुले त्याच जोडणीवर अभ्यास करीत. वाटसरूने क्षणभर टेकावे म्हणूनच तिण्णै बांधलेली असते, तेथे बसलेल्यास उठविण्याची रीत त्या घरात नव्हती. त्यात महामहम उत्सवाचा विषय निघाला. बारा वर्षांनी येणारा हा उत्सव २०१६ साली झाला. पुढचा २०२८ साली आहे. तेव्हा घर पाहुण्यांनी भरेल आणि प्रत्येक जण वाय-फाय मागेल. ‘‘नाही कसे म्हणावयाचे?’’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

त्याचे उत्तर राउटरमध्येच असते. बहुतेक नव्या राउटरवर पाहुण्यांसाठी निराळी जोडणी देता येते. तिचे नाव वेगळे, परवलीचा शब्द वेगळा. तिच्यावरून इंटरनेट मिळते, पण घरातील संगणकापर्यंत किंवा राउटरच्या मांडणीपर्यंत पोहोचता येत नाही. आजोबांना हे तत्काळ पटले. पाहुण्याला ओटा मोकळा, माजघराची किल्ली मात्र घरच्यांकडे. हीच तर त्यांच्या घराची रीत होती! तेव्हा पाहुण्यांच्या जोडणीची सोय नसलेला राउटर, तो कितीही स्वस्त असो, आपण यादीतून वगळावा असे ठरले.

अखेर नातवाचा महागडा राउटर आला नाही आणि आजोबांचा जुनाही राहिला नाही. मध्यम किमतीची दोन यंत्रे, त्यांना जोडणारी एक तार आणि वीज गेल्यास राउटर चालू ठेवणारी लहानशी बॅटरी एवढ्यावर काम भागले. बॅटरी घेताना तिचा व्होल्टेज राउटरवर लिहिलेल्या आकड्याशी जुळतो का, हे तेवढे पाहावे. काही यंत्रे ९ व्होल्टची, तर काही १२ व्होल्टची असतात.

ग्राहकांच्या सोयीसाठी सारांश असा :

१. घराचा आराखडा काढून राउटरची जागा आधी ठरवावी.
२. दोन्ही पट्टे, ‘वाय-फाय ६’ आणि गिगाबिट खोबणी पाहाव्यात. बेरजेच्या आकड्यांना भुलू नये.
३. ‘डब्ल्यूपीए ३’, नियमित सुधारणा आणि पाहुण्यांची स्वतंत्र जोडणी यांविषयी तडजोड करू नये.
४. पहिल्याच दिवशी दोन्ही परवलीचे शब्द बदलावेत आणि ‘डब्ल्यूपीएस’ बंद करावे.
५. खात्याचा परवलीचा शब्द, पिन किंवा ओटीपी कोणासही सांगू नये. बँकेचा कोणताही अधिकारी तो विचारीत नाही.

निघण्याच्या दिवशी आजोबा मागच्या खोलीत बसून पुण्याच्या लेकीशी बोलत होते. ओट्यावर शेजारची दोन मुले मोबाईलवर गणिताचा पाठ पाहत होती. दोन्ही संभाषणे एकाच तारेतून चालली होती, परंतु एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. चांगल्या राउटरकडून घराची अपेक्षा याहून वेगळी ती काय असणार?