टेस्टोस्टेरॉनच्या जोडीची औषधे आणि अमेरिकी विमा
बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी वृषणांना संदेश देणे थांबवते आणि शुक्राणू घटतात. म्हणून मूल हवे असलेल्या पुरुषाला डॉक्टर कधीकधी वृषणांना तोच संदेश देणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाचे इंजेक्शन जोडून देतात, बरेचदा दिवसाआड 500 युनिट. अमेरिकेत मार्च 2020 पासून एचसीजी जैविक औषधांच्या गटात गेले. त्यामुळे स्वतः औषध बनवून देणाऱ्या फार्मसींकडचा स्वस्त मार्ग बंद झाला. विमा कंपन्या बहुधा पूर्वमंजुरी मागतात. प्रजननक्षमतेसाठीच्या औषधाला तर मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या पार्ट डी औषध योजनेत कायद्यानेच पैसे मिळत नाहीत.

अ‍ॅनास्ट्रोझोलचे गणित वेगळे. मुळात ते इस्ट्रोजेन घटवणारे, रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनकर्करोगाचे औषध, रोज 1 मिलिग्रॅम. टेस्टोस्टेरॉन घेताना इस्ट्रोजेन वाढलेल्या पुरुषांना याहून बरेच कमी देतात, उदाहरणार्थ आठवड्यातून दोनदा अर्धी गोळी. हा वापर मंजुरीबाहेरचा, त्यामुळे विमा दावा फेटाळला जाऊ शकतो. पण जेनेरिक गोळी इतकी स्वस्त, की पत्रव्यवहार करत बसण्यापेक्षा खिशातून दिलेले बरे. सरसकट सगळ्यांना ती देणे मात्र चूकच. पुरुषाच्या हाडांनाही इस्ट्रोजेन लागते! छाती दुखरी होणे, सुजणे असे काही नसताना नुसत्या रक्ततपासणीतल्या आकड्यावरून ती सुरू करू नये.