तीच मोहीम, पुन्हा पहिल्यांदा

१९८६ सालच्या ‘मेट्रॉइड’मध्ये खेळ सुरू होतो तेव्हा सॅमस ॲरन एका दगडी चौथऱ्यावर उभी असते. खेळणाऱ्याचं बोट सवयीनं उजवीकडे जातं. ही सवय आदल्या वर्षीच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’नं लावलेली. त्यात उजवीकडे पळत राहायचं आणि मागे फिरायचा प्रश्नच नसे, कारण स्क्रीन मागे सरकतच नव्हती. ‘मेट्रॉइड’मध्ये मात्र उजवीकडे थोडं गेलं की एक बुटकी फट आडवी येते आणि सॅमसला वाकता येत नाही. मागे फिरून, सुरुवातीची जागा ओलांडून डावीकडे गेलं की तिथे एक गोळा ठेवलेला दिसतो. तो उचलला की तिला अंगाची गुंडाळी करून घरंगळता येतं आणि मग ती फट पार होते. मागे फिरणं हाही या खेळाचा रस्ता आहे, हा धडा इथे एकही अक्षर न लिहिता मिळतो.

फेब्रुवारी २००४ मध्ये निंटेंडोनं हाच गेम ‘मेट्रॉइड: झीरो मिशन’ या नावानं ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी नव्यानं बनवला. चौथरा तोच राहिला आणि डावीकडचा गोळाही. बाकी जवळजवळ सगळं बदललं. जुन्या गेमला नवे रंग चढवून विकणारे रिमेक पुष्कळ आहेत. ‘झीरो मिशन’ त्यांच्यात बसत नाही, कारण तो करणाऱ्यांनी एक अवघड गोष्ट ओळखली होती. १९८६ चा खेळाडू काहीच जाणत नव्हता, २००४ चा बरंच काही जाणून होता. या दोघांना एकच गेम देऊन चालणार नव्हतं.

मूळ गेम निंटेंडोच्या क्योटोमधल्या ‘आर अँड डी १’ या विभागाचा. विभागप्रमुख गुनपेई योकोई, म्हणजे ‘गेम अँड वॉच’ आणि पुढे ‘गेम बॉय’ घडवणारा माणूस. दिग्दर्शनात सातोरू ओकादा, चित्रांच्या बाजूला योशिओ साकामोतो आणि हिरोजी कियोताके. सॅमसचं रूप कियोताके यांच्या हातचं. रिडली स्कॉटच्या ‘एलियन’ या चित्रपटाची छाया सगळ्यावर होती. रिडली नावाचा उडता राक्षस तर थेट दिग्दर्शकाचं नाव घेऊन आला. जपानमध्ये हा गेम निंटेंडोच्या फॅमिकॉम या यंत्राला जोडायच्या डिस्कवर निघाला. त्या डिस्कच्या दोन्ही बाजू मिळून जेमतेम ११२ किलोबाइट जागा. एवढ्याशा जागेत झेबेस नावाचा अख्खा ग्रह बसवायचा होता.

जागेच्या या टंचाईतूनच ‘मेट्रॉइड’चा स्वभाव घडला. त्याच त्या खोल्या पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या, त्याच विटांच्या उभ्या विहिरी, तेच दरवाजे. नकाशा नाही. आपण मघाशी इथेच होतो की ही वेगळी जागा, हेच कळेनासं होतं, म्हणून अनेकांनी चौकटीच्या कागदावर हातानं नकाशे काढले. मेलात की पुन्हा सुरुवात फक्त ३० एककं शक्तीवर, मग आधी कितीही साठवलेली असो. भरपाईसाठी जमिनीतल्या नळकांड्यांशी उभं राहून त्यातून निघणारे किडे एकेक करून मारत बसायचं. अमेरिकेत हा गेम १९८७ साली कॅसेटवर आला तेव्हा डिस्कवर खेळ साठवण्याची सोयही गेली आणि २४ अक्षरांचा पासवर्ड वहीत उतरवायची वेळ आली. नव्वदीत आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर ‘काँट्रा’ खेळलेल्यांना वेगात मरणं ठाऊक असेल. इथे मरणापेक्षा हरवणं जड जात असे.

‘गेम बॉय’ आणि ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ या यंत्रांच्या घडणीत ओकादांचा मोठा वाटा होता. म्हणजे ज्यानं पहिल्या ‘मेट्रॉइड’चं दिग्दर्शन केलं, त्याच्याच यंत्रावर तो गेम परत आला. ‘झीरो मिशन’चं दिग्दर्शन साकामोतोंनी केलं, तेही त्याच विभागातून. घरच्या माणसांनी घरचीच वस्तू पुन्हा हाती घेतली होती आणि तिचं काय दुखतं हे त्यांना माहीत होतं.

यंत्राच्या अटी मात्र कडक होत्या. स्क्रीन २४० बाय १६० ठिपक्यांची, म्हणजे मूळ टीव्हीवरच्या चित्रापेक्षा उंचीला बरीच कमी. २००१ च्या पहिल्या यंत्राला स्वतःचा उजेड नव्हता. दिव्याखाली धरल्याशिवाय दिसायची मारामार. दुमडणारं आणि उजेड असलेलं यंत्र २००३ साली आलं खरं, पण जुनी यंत्रं लाखो हातांत होतीच. म्हणून मूळ गेममधली काळी कुट्ट पार्श्वभूमी इथे रंगांनी भरली. झेबेसवरच्या ब्रिन्स्टार या भागाचे खडक निळसर झाले, नॉरफेअर हा भाग तांबूस तापलेला. प्रत्येक भागाला स्वतःचा चेहरा मिळाला आणि हरवण्याचं अर्धं कारण तिथेच संपलं. उरलेलं अर्धं नकाशानं संपवलं.

सॅमसच्या अंगातही फरक पडला. ती आता खाली बसते, तिरपा नेम धरते, कड्याला लोंबकळून वर चढते. पूर्वी बर्फाचं किरण घेतलं की लाटेचं किरण जायचं. आता एकावर एक शक्ती साठत जातात. ‘मेट्रॉइड फ्यूजन’ हा २००२ चा गेम या रिमेकचा पाया होता आणि त्यातली चपळाई इथे जशीच्या तशी उतरली.

आता वादाचा मुद्दा. झेबेसवर पूर्वी चोझो नावाचे पक्षिमानव राहत. त्यांचे पुतळे जागोजागी बसलेले आहेत. ‘झीरो मिशन’मध्ये सॅमस गोळा होऊन अशा पुतळ्याच्या ओंजळीत जाऊन बसते, पुतळा तिची शक्ती भरून देतो आणि पुढे कुठे जायचं त्याची खूण नकाशावर उमटवतो. जुन्या चाहत्यांना हे लाड वाटले. मलाही पहिल्या तासाभरात ती खूण खुपते. ज्या खेळाचा जीवच चाचपडण्यात होता, त्यात बोट धरून चालवणं म्हणजे त्याचं सत्त्व काढून घेणं.

पण खूण पाळलीच पाहिजे असं नाही, आणि या रिमेकचं खरं कसब इथेच आहे. दाखवलेल्या रस्त्याच्या खाली, भिंतीआड, छतावर दुसरा रस्ता रचून ठेवला आहे. १९९४ च्या ‘सुपर मेट्रॉइड’मध्ये खेळाडूंनी भिंतीवरून उड्या मारत, नेमून दिलेला क्रम मोडत आपापल्या वाटा शोधल्या होत्या. साकामोतोंच्या चमूनं ही बंडखोरी पाहिली आणि तिच्यासाठी मुद्दाम जागा ठेवली. क्रेड या दुसऱ्या राक्षसाच्या आधी रिडलीला गाठता येतं. कितीतरी शक्ती न घेताच पुढे सरकता येतं. गेममधल्या सगळ्या वस्तूंपैकी १५ टक्के किंवा त्याहून कमी घेऊन गेम संपवला, तर त्यासाठी शेवटी वेगळं चित्र ठेवलेलं आहे. ते चित्र पाहायचं तर पुतळ्याच्या खुणेकडे पाठ फिरवावीच लागते. नवख्याला वाट दाखवली आणि जाणत्याला ती वाट सोडायचं निमित्त दिलं. एकाच नकाशावर दोन गेम रचले.

संगीतात मला तेवढं समाधान नाही. १९८६ मध्ये हिरोकाझू तानाका यांनी जाणूनबुजून धूनच टाळली होती. संगीत कुठे संपतं आणि ग्रहाचे आवाज कुठे सुरू होतात हे कळू नये, असा त्यांचा प्रयत्न होता. कानाला धरून राहील अशी मोकळी धून त्यांनी शेवटासाठी राखली. केंजी यामामोतो आणि मिनाको हामानो यांनी ‘झीरो मिशन’साठी त्याच रचना भरघोस केल्या. ब्रिन्स्टारची धून आता आवेशानं वाजते. ऐकायला छान आहे, पण त्या ग्रहावर आपण एकटे आहोत ही जाणीव तिनं पातळ केली.

मूळ गेमचं सगळ्यात मोठं गुपित त्याच्या शेवटी होतं. ठरलेल्या वेळेच्या आत गेम संपवला की चिलखत उतरायचं आणि आतला योद्धा बाई आहे हे कळायचं. इंग्रजी माहितीपुस्तकानं तर सॅमसचा उल्लेख पुरुष म्हणूनच केला होता. २००४ मध्ये हे गुपित सगळ्यांना ठाऊक होतं; ते पुन्हा लपवण्यात अर्थ नव्हता. म्हणून रिमेक सुरुवातीपासून सॅमसच्याच शब्दांत बोलतो. आणि १९८६ चा गेम जिथे संपतो, मदर ब्रेन ही शेवटची शत्रू फुटते, घड्याळ मागे धावतं, सॅमस निसटते, तिथे हा गेम संपत नाही. तिचं यान पाडलं जातं. चिलखत गेलेलं, अंगावर फक्त आतला निळा पोशाख, हातात शत्रूला क्षणभर बधिर करण्यापुरतं पिस्तूल. आता अंतराळ-चाच्यांपासून लपत, सरपटत, त्यांच्याच जहाजातून वाट काढायची. कुणाच्या नजरेस पडलो की ते मागे लागतात आणि पळण्याशिवाय इलाज नसतो.

पूर्वी शेवटच्या एका चित्रात दिसणारी गोष्ट इथे आपण स्वतः खेळतो. चिलखताखाली बाई आहे हे आता आश्चर्य नाही; चिलखत नसताना ती काय करते, हे आश्चर्य आहे. चोझोंच्या भग्नावशेषातली परीक्षा पार करून तिला पूर्ण ताकदीचं चिलखत मिळतं. वाटेत सापडलेल्या पण तोवर निरुपयोगी राहिलेल्या अनोळखी वस्तू त्या क्षणी चालू लागतात. ज्या चाच्यांपुढे जीव मुठीत धरून पळालो, त्यांच्यातून परत सरळ चालत जाण्याचा आनंद मूळ गेममध्ये कुठेच नव्हता. गेम पुरा केला की त्याच कार्ट्रिजमध्ये १९८६ चा ‘मेट्रॉइड’ही खुला होतो. हा मोकळेपणा मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे रिमेकला मूळ गेमची जागा बळकावावी लागत नाही.

मालिकेतल्या दुसऱ्या गेमच्या वाट्याला असं भाग्य आलं नाही. १९९१ चा ‘मेट्रॉइड २’ गेम बॉयवरचा. मेट्रॉइड नावाचे सगळे जीव संपवल्यावर शेवटी अंड्यातून निघालेलं एक पिल्लू सॅमसच्या मागे लागतं. ती त्याला मारत नाही. दोघं शांतपणे यानापर्यंत चढत जातात, वाटेत एकही शत्रू नाही. माद्रिदच्या ‘मर्क्युरीस्टीम’नं २०१७ मध्ये थ्री-डी-एस या यंत्रासाठी त्याचा ‘सॅमस रिटर्न्स’ हा रिमेक केला. निर्माता साकामोतोच. शत्रूचा हल्ला नेमका परतवून लावण्याची नवी युक्ती, कुठल्याही कोनात धरता येणारा नेम, या गोष्टी उत्तम. पण त्या शांत चढाईनंतर रिडलीशी एक दणदणीत लढाई जोडली आहे. ‘झीरो मिशन’मधली भर मूळ गेमच्या गुपितातून उगवली होती, ही भर मूळ शेवटाच्या आड येते. शिवाय थ्री-डी-एसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, त्यामुळे हा रिमेक आता जुन्या कार्ट्रिजवरच शोधावा लागतो. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत १९९१ चा मूळ गेम निंटेंडो स्विचच्या सदस्यांसाठी आला आणि २०२४ च्या जूनमध्ये ‘झीरो मिशन’ही. दोन्ही एकामागोमाग खेळायचे असतील, तर आधी ‘झीरो मिशन’ घ्यावा आणि पहिल्या खेपेला पुतळ्याच्या खुणा पाळाव्यात.