जंतूची सुई आणि कापलेलं टोक

दूषित अन्नातून पोटात जाणारा साल्मोनेला आतड्याच्या पेशींना नुसता चिकटून बसत नाही, त्यांना अक्षरशः टोचतो. त्याच्या अंगावर प्रथिनांच्या पोकळ सुया असतात. त्यांतून तो आपली प्रथिनं थेट आपल्या पेशींत सोडतो आणि त्या प्रथिनांच्या प्रभावाखाली पेशी स्वतःच जंतूला आत ओढून घेते. टाइप-३ स्रवणयंत्रणा या नावानं ओळखलं जाणारं हे यंत्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसलं ते १९९८ साली. सुईची जाडी सुमारे ८ नॅनोमीटर, आतलं भोक जेमतेम अडीच. एवढ्या भोकातून घडी घातलेलं प्रथिन जाऊच शकत नाही. ते उलगडून, सुट्या साखळीच्या रूपात पुढे सरकतं. सुई मात्र एकाच लहानशा प्रथिनाच्या शंभराहून अधिक प्रती मळसूत्री रचनेत एकमेकींवर बसून तयार होते. पीआरजीआय नावाच्या या प्रथिनात अमिनो आम्लं फक्त ८०.

अशा धाग्याची रचना शोधायची कशी? प्रथिनाचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडायचे, हा रुळलेला मार्ग इथे अडला. ही प्रथिनं सुटी राहायला तयार नसतात, लगेच धागे बनवतात, आणि धाग्यांचे स्फटिक होत नाहीत. म्हणून संशोधकांनी शिगेला या दुसऱ्या जंतूच्या सुईतल्या अशाच प्रथिनाची शेवटची पाच अमिनो आम्लं कापून टाकली. जुळणी थांबली, स्फटिक मिळाले आणि २००६ मध्ये रेणूचा आकार हाती आला. पण जुळणीला जो भाग लागतो, तोच त्या आकारात नव्हता. सुट्या रेणूची आकृती धाग्याच्या धूसर प्रतिमेत बसवून जी प्रतिकृती रूढ झाली, तिच्यात साखळीचं सुरुवातीचं टोक सुईच्या आतल्या बाजूला मानलं गेलं. २०१२ मध्ये ग्योटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या आडाम लांगे यांच्या गटानं, इतर प्रयोगशाळांच्या साथीनं, हे चित्र पालटलं. त्यांनी धागा मोडला नाही. कार्बन आणि नायट्रोजनची जड समस्थानिकं घातलेल्या अखंड सुया चुंबकीय क्षेत्रात ठरावीक कोनात वेगानं फिरवून, कोणता अणू कोणाच्या शेजारी आहे ते मोजलं. उत्तर निघालं ते असं: दर दोन वेढ्यांमागे सुमारे अकरा घटक, सुरुवातीचं टोक बाहेरच्या पृष्ठभागावर आणि शेवटचं टोक आतल्या पोकळीकडे. माझ्या मते या संशोधनाचा खरा धडा पद्धतीचा आहे. घटक सुटा करण्यासाठी जे करावं लागतं, त्यानंच कधीकधी उत्तर पुसलं जातं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. या सुया परीक्षानळीत जुळवलेल्या होत्या. जिवंत जंतूवरची सुई तशीच असेल कशावरून? हा प्रश्न नुसत्या तर्कानं सुटणारा नव्हता. तो सुटला २०१८ मध्ये, साल्मोनेलातून काढलेलं सबंध यंत्र गोठवून क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं जवळजवळ अणूंच्या पातळीवर पाहिलं गेलं तेव्हा. सुईची घडण तीच निघाली. दुसरा आक्षेप स्फटिकांच्या बाजूनं येतो: मग २००६ चं काम वाया गेलं का? मुळीच नाही. रेणूचा दोन सर्पिलांचा केसपिनेसारखा गाभा त्यातूनच कळला होता. चूक स्फटिकात नव्हती. तुकड्यावरून अख्ख्या धाग्याचा निष्कर्ष काढण्यात होती.

टोक आत की बाहेर, यानं काय बिघडतं, असंही कुणी विचारेल. बरंच. वेगवेगळ्या जंतूंच्या सुया ताडून पाहिल्या तर साखळीचं शेवटचं टोक जवळपास सारखं आढळतं, सुरुवातीचं मात्र बदलत जातं. जुन्या प्रतिकृतीत याची संगती लागत नव्हती. नव्या रचनेत लागते: आपल्या प्रतिपिंडांना दिसतो तो पृष्ठभाग जंतूगणिक वेगळा, आणि प्रथिनं वाहून नेणारी आतली भिंत सर्वांची सारखी, पण प्रतिपिंडांच्या आवाक्याबाहेर. म्हणजे एका जंतूच्या सुईचा दांडा ओळखणारं प्रतिपिंड दुसऱ्यावर चालेल, अशी आशा फारशी धरता येत नाही. सुईच्या अग्रावर वेगळं प्रथिन बसतं, आणि तिथे लक्ष्य अधिक उघडं असतं. १८९६ मध्ये मुंबईत हाहाकार माजवणाऱ्या प्लेगच्या जंतूकडेही हीच यंत्रणा आहे. त्याच्या सुईच्या अग्रावरचं व्ही-प्रतिजन प्लेगच्या नव्या, चाचणीतल्या लसींमध्ये मुख्य घटक म्हणून वापरलं जातं.