‘बरा झालास’ म्हटल्यानंतर...

शेवटची केमोथेरपी होते. डॉक्टर हसून सांगतात, ‘आता थेट तीन महिन्यांनी यायचं.’ आई देवापुढे साखर ठेवते, बाबा पेढे वाटतात. पंधरा वर्षांचा मुलगा मात्र रात्रभर जागा असतो. दोन-अडीच वर्षे कुणीतरी सतत त्याचे रक्त तपासत होते, म्हणजेच कुणाचे तरी लक्ष होते. आता लक्ष कोण ठेवणार? घरात एवढा आनंद असताना हे विचारायचे तरी कसे?

हे चित्र कल्पनेतले असले, तरी कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुलांवर उपचार करणाऱ्यांना ते ओळखीचे वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 4 लाख मुलांना व किशोरवयीनांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यांतली 80 टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण बरेच कमी आहे. ते 2030 पर्यंत जगभरात किमान 60 टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट संघटनेने 2018 मध्ये ठेवले. म्हणजे यापुढे आपल्या शाळा-कॉलेजांत अशी मुले अधिकाधिक दिसणार आहेत. त्यांच्या शरीराची काळजी कशी घ्यायची, हे वैद्यकशास्त्राला बरेचसे कळले आहे. मनाच्या काळजीत मात्र घर आणि शाळा यांचा वाटा मोठा आहे.

आधी दिलासा देणारी गोष्ट. आजवरच्या अभ्यासांतून दिसते की, यातली बहुसंख्य मुले मानसिकदृष्ट्या चांगली सावरतात. काहींना मात्र नैराश्य, चिंता किंवा आघातानंतरच्या ताणाचा त्रास होतो. अमेरिकेत 1994 मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बऱ्या झालेल्यांची तुलना त्यांच्याच भावंडांशी केली गेली, तेव्हा भावंडांपेक्षा त्यांच्यात अशा तक्रारी अधिक आढळल्या. आणखी एक लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे, आघाताच्या ताणाची लक्षणे अनेकदा मुलांपेक्षा आईवडिलांत जास्त असतात.

आजार परत येईल ही भीती सहजासहजी जात नाही. 1981 मध्ये जेराल्ड कूचर आणि जॉन ओमॅली या अमेरिकी अभ्यासकांनी या मुलांवर लिहिलेल्या पुस्तकाला ‘डॅमोक्लिस सिंड्रोम’ असे नाव दिले. डॅमोक्लिस म्हणजे डोक्यावर केसाने टांगलेल्या तलवारीखाली बसलेला कथेतला माणूस. आपल्याकडे ‘टांगती तलवार’ म्हणतात, तीच ही. साधा ताप आला, मानेला गाठ लागली, पुढच्या तपासणीची तारीख जवळ आली की ती तलवार दिसू लागते.

किशोरवयात हे अधिक अवघड का होते? या वयात मूल आईवडिलांपासून थोडे दूर होते, मित्रांत रमते, आरशासमोर उभे राहते, पुढे काय व्हायचे याची स्वप्ने पाहते. कॅन्सर नेमके याच्या उलट करतो. सोळा वर्षांच्या मुलीला पुन्हा आईच्या हातून आंघोळ करावी लागते. मैत्रिणी दहावी पार करून पुढे जातात, ती मागे राहते. स्टिरॉइडने चेहरा सुजतो, केस जातात, शस्त्रक्रियेचा व्रण राहतो. हाडाच्या कॅन्सरमध्ये कधी पायही गमवावा लागतो. मेंदूला रेडिएशन दिले असेल तर काही मुलांची स्मरणशक्ती आणि आकलनाचा वेग मंदावतो. शिक्षकांना तो आळस वाटतो आणि मुलाला स्वतःचीच लाज वाटू लागते.

त्यात भर पडते ‘लढवय्या’ या कौतुकाची. ‘तू तर एवढं मोठं युद्ध जिंकलंस!’ असे सतत ऐकणाऱ्या मुलाने ‘मला भीती वाटते’ हे म्हणायचे कुणाजवळ? आजारातून काहींना खरोखरच नवे बळ मिळते, आयुष्याची किंमत कळते. पण ते ज्याचे त्याला, ज्याच्या त्याच्या वेळी मिळते. त्याची सक्ती करता येत नाही.

आपल्याकडची सर्वांत मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. ती म्हणजे लपवाछपवी. ‘लहानपणी रक्ताचा काहीतरी आजार होता’ एवढेच मुलाला सांगितले जाते. मुलगी असेल तर लग्नाच्या काळजीने फाइल कपाटाच्या तळाशी जाते. आईवडिलांचा हेतू प्रेमाचाच असतो. पण मुले बोलण्याच्या तुकड्यांतून, मोबाइलवरच्या शोधातून बरेच काही जुळवतात आणि ‘हे बोलायचं नसतं’ एवढेच शिकतात. न बोललेली भीती मनात वाढत राहते.

या लपवण्याचा धोका शरीरालाही आहे. काही औषधांचा परिणाम हृदयावर, काहींचा ऐकण्यावर किंवा प्रजननक्षमतेवर, कधी कधी वर्षांनंतर दिसू शकतो. कोणते औषध किती दिले होते हे मुलालाच ठाऊक नसेल, तर पंचविसाव्या वर्षी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला तो काय सांगणार? म्हणूनच मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1991 पासून उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी वेगळे बाह्यरुग्ण केंद्र चालते. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने उभा राहिलेला ‘उगम’ हा बऱ्या झालेल्या तरुणांचाच गट आहे. ‘मलाही असंच वाटायचं’ हे वाक्य समवयस्काकडून ऐकले की जो धीर येतो, तो वडीलधाऱ्यांच्या उपदेशातून येत नाही.

घरी काय करता येईल? आजाराचे नाव वयाला साजेशा शब्दांत, पण खरे सांगा. तपासणीला गेल्यावर काही मिनिटे मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. सायकल, सहल, रुसवे, घरातली कामे हे सगळे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू परत येऊ द्या. शाळेला विश्वासात घ्या. परीक्षेत जास्त वेळ हवा असेल तर मागा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, मित्र तुटले, तपासणीला जायचेच टाळले, जगण्यात अर्थ नाही असे शब्द आले, तर समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यात उशीर करू नका. ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते. आणि आईवडिलांनो, झोप तुमचीही उडाली असेल, तर ही मदत तुमच्यासाठीही आहे.

कपाटाच्या तळाशी ठेवलेली ती फाइल एके दिवशी बाहेर काढा. डॉक्टरांकडून उपचारांचा एक-दोन पानी गोषवारा लिहून घ्या आणि मुलाशेजारी बसून तो वाचा. त्याचे प्रश्न संपेपर्यंत उठू नका. मग फाइल त्याच्याच हाती द्या. ती त्याचीच आहे.